रुळाच्या पोटातला तडा

थंडी पडू लागली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमुक स्थानकाजवळ रुळाला तडा, लोकलचा खोळंबा. सोबत फलाटावरच्या गर्दीचे छायाचित्र असते आणि गाड्या किती मिनिटे उशिरा धावल्या याचा हिशेब असतो. तो तडा आला कुठून, आदल्या आठवड्यात तो तिथे होता का, आणि असला तर तपासणीत का सापडला नाही, याबद्दल बातमी बहुधा गप्प असते. पोलादाच्या आत डोकावण्याची ही विद्या शंभर वर्षांची होत आली. तिच्यातले काही मोठे टप्पे अपघातांनंतर आले आहेत.

तडा जन्मतो कुठे

रुळाचे तीन भाग असतात. वर चाक टेकते ते हेड, मधली उभी पट्टी म्हणजे वेब आणि खाली स्लीपरवर बसणारा रुंद पाया म्हणजे फूट. आपल्याकडे मुख्य मार्गांवर बहुतेक ५२ किंवा ६० किलोचे रूळ आहेत. हे वजन एका मीटर लांबीचे. भरलेल्या वाघिणीच्या एका चाकाखाली साधारण ११ टन भार येतो आणि तो रुळावर उतरतो जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत. दिवसभरात अशी हजारो चाके जातात. इतका मार खाऊन पोलाद थकते, आणि रूळ बहुतेक वेळा या थकव्यानेच मोडतो.

थकव्याला सुरुवात व्हायला कुठेतरी एक नाजूक जागा लागते. पोलाद ओतताना आत अडकलेला हायड्रोजन किंवा मळीचा कण, चाक घसरल्यामुळे जळलेला पृष्ठभाग, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या बोल्टसाठी पाडलेले भोक, किंवा नीट न साधलेला वेल्ड. हेडच्या आत सुरू झालेला तडा रुळाच्या लांबीला आडवा, मूत्रपिंडाच्या आकाराचा वाढत जातो. बोल्टच्या भोकाभोवतीचे तडे चांदणीसारखे फाकतात. पायाच्या तड्यांचे कारण आपल्याकडे बराच काळ वेगळेच होते. डब्यांतले शौचालय थेट रुळावर मोकळे होई आणि त्या ओलाव्याने पाया व त्याला धरणारे लाइनर गंजत. जैवशौचालये आल्यावर तो त्रास कमी झाला. किनाऱ्यालगतची खारी हवा मात्र आहे तिथेच आहे.

थंडीचा संबंध इथे येतो. आजचे रूळ जोडून जोडून सलग केलेले असतात, त्यामुळे तापमान उतरले तरी त्यांना आकसायला वाव नसतो. आकसण्याची ती ओढ ताणाच्या रूपाने आतच राहते. ६० किलोच्या रुळात तापमान एका अंशाने उतरले की सुमारे १.९ टन ताण वाढतो. २० अंश उतरले की ३५ टनांहून जास्त. आत अर्धा पोखरलेला रूळ हिवाळ्यातल्या पहाटे मोडतो तो या ओढीमुळे. म्हणजे बातमी पहाटेची असली तरी तडा बहुधा त्या पहाटेचा नसतो.

मँचेस्टर, १९११

पूर्वी रूळ तपासायचा म्हणजे चालत जाऊन पाहायचा, शंका आली तर हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लीहाय व्हॅली रेलरोडची गाडी घसरली आणि २९ माणसे मेली. आंतरराज्य वाणिज्य आयोगासाठी अभियंते जेम्स हॉवर्ड यांनी मोडलेल्या रुळाचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांना हेडच्या आत वाढलेले आडवे तडे दिसले. हे तडे पृष्ठभागापर्यंत पोचलेलेच नव्हते. कितीही तीक्ष्ण नजरेचा माणूस त्या रुळावरून चालत गेला असता तरी त्याला काही दिसले नसते.

इथे एल्मर स्पेरी आले. जहाजांसाठी जायरोकंपास बनवणारे म्हणून त्यांचे नाव आधीच झाले होते. त्यांनी रुळाच्या एका तुकड्यातून कमी दाबाचा पण प्रचंड विद्युतप्रवाह सोडला. प्रवाह वाहतो तिथे भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. आत आडवा तडा असेल तर प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो आणि ते क्षेत्र तेवढ्या जागी विस्कटते. रुळाच्या अगदी वरून सरकणारी वेटोळी हा बदल टिपतात, कागदाच्या पट्टीवर लेखणी उडी घेते. १९२८ मध्ये स्पेरींच्या तपासणी गाड्या अमेरिकन रेल्वेमार्गांवर काम करू लागल्या. त्यांच्या नावाची कंपनी आजही याच धंद्यात आहे.

त्याच काळात दुसरी लढाई पोलाद कारखान्यात चालली होती, आणि मला विचाराल तर तीच अधिक महत्त्वाची. आतल्या तड्यांचे बी हायड्रोजन पेरतो हे १९३०च्या दशकात उमगले. मग गरम रूळ झाकून सावकाश थंड करण्याची रीत आली, पुढे द्रव पोलादातून निर्वाताने वायू ओढून काढण्याची. आपल्या रुळांसाठी आज हायड्रोजनची मर्यादा दहा लाख भागांत १.६ भाग इतकी आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात हेच पाहिले जाते. यंत्राने शोधायला लागणारे तडे आधी भट्टीपाशी कमी झाले.

आवाजाने पाहणे

आज जगभर मुख्य आधार आहे तो श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजे अल्ट्रासाउंडचा. तत्त्व सोनोग्राफीचेच. विशिष्ट स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि त्याला थरथरवले की तो वीज देतो. यांतला दुसरा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. असा स्फटिक बसवलेला प्रोब रुळावर टेकवून सेकंदाला २० लाख किंवा ४० लाख कंपनांचा ध्वनी आत सोडतात. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो, पायाच्या तळावर आपटतो आणि परत येतो. ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, म्हणून हा जाऊन-येऊन प्रवास सेकंदाच्या एक लाख भागांपैकी सुमारे सहा भागांत होतो. त्याआधीच प्रतिध्वनी आला तर वाटेत काहीतरी आहे. तळाचा प्रतिध्वनी आलाच नाही, तरीही वाटेत काहीतरी आहे. प्रोब आणि रुळाच्या मध्ये हवा राहिली तर ध्वनी आत शिरत नाही, म्हणून सतत पाण्याची धार लागते.

सरळ खाली जाणाऱ्या या ध्वनीला जमिनीला समांतर पसरलेली फट चांगली दिसते. हेडच्या आतला, रुळाच्या लांबीला आडवा तडा मात्र जवळजवळ उभा असतो. वरून येणाऱ्या ध्वनीला त्याची फक्त कड लागते आणि प्रतिध्वनी उरतच नाही. म्हणून दुसरे प्रोब ध्वनी तिरका पाठवतात, उभ्या रेषेशी ७० अंशांनी कललेला, एक पुढे तोंड करून आणि एक मागे. तड्याची पातळी उभ्यापासून साधारण २० अंश कललेली असते, म्हणजे ७० अंशांचा किरण तिच्यावर बरोबर काटकोनात आदळतो आणि सरळ परत येतो. हा आकडा त्यामुळेच निवडला आहे. बोल्टच्या भोकांसाठी आणखी निराळे कोन लागतात.

थोडक्यात, ध्वनीला तडा दिसतो तो ध्वनीकडे तोंड करून असेल तरच. शिवाय वेब अवघी १६-१७ मिलिमीटर जाड. वरून गेलेला ध्वनी तेवढ्याच पट्टीतून खाली उतरतो, आणि पायाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले पंख त्याच्या नजरेबाहेर राहतात. गंज नेमका तिथेच चढतो.

ढकलगाडी, पाण्याची टाकी आणि तीन लाल फुल्या

भारतीय रेल्वेत ध्वनीची ही तपासणी १९६०च्या दशकात सुरू झाली. रेल्वेत तिला यूएसएफडी म्हणतात. नियमपुस्तिका लखनौच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेची. यंत्र म्हणजे रुळावर ढकलत न्यायची हलकी गाडी: एका रुळावर चालणारी किंवा दोन्ही रूळ एकदम तपासणारी. तिच्यावर प्रोब, पाण्याची टाकी आणि पडदा. तपासनीस चालत चालत पडद्यावरच्या शिखरांकडे पाहतो, एक जण गाडीवर नजर ठेवतो, आणि लोकल आली की सगळे उचलून बाजूला व्हायचे. हे काम मे महिन्यातल्या उन्हात किंवा उपनगरी मार्गावर मध्यरात्रीनंतरच्या दोन-तीन तासांत करायचे असते. पडद्यावरची एक उडी डोळ्यांतून सुटली तर ती सुटली. नव्या यंत्रांत सगळी नोंद साठवली जाते आणि रुळाचा लांबट छेद चित्ररूपाने दिसतो, त्यामुळे कार्यालयात बसून पुन्हा पाहता येते. ही सुधारणा वरवर लहान वाटते. माझ्या मते गेल्या काही दशकांतली ती सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, कारण थकलेल्या माणसाच्या डोळ्यांवरचा भार तिने उतरवला.

दोष सापडला की तो मोठा का लहान हे ठरते. तत्काळ काढायचा असेल तर वेबच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाच्या तीन फुल्या, नजरेखाली ठेवायचा असेल तर एक फुली. तीन फुल्यांच्या जागी लगेच वेगमर्यादा लागते, म्हणजे चालकाला कॉशन ऑर्डर मिळते, आणि तीन दिवसांत तो तुकडा कापून तिथे तपासलेला रूळ बसवायचा असतो. एका फुलीच्या जागी खास वळण दिलेल्या, जॉगल्ड फिशप्लेट शिकंज्याने आवळतात आणि कीमनला, म्हणजे रोज मार्गावर चालत रूळ पाहणाऱ्या कामगाराला, रोज तिथे पाहायला सांगतात.

एकदा तपासल्यावर पुन्हा केव्हा तपासायचे, हे मुख्यतः त्या मार्गावरून किती दशलक्ष टन वजन गेले यावर ठरते. तडा वाढतो तो महिन्यांनी नव्हे, चाकांनी. मालगाड्यांच्या मार्गावर म्हणूनच फेऱ्या लवकर लवकर येतात.

रुळाइतकाच, किंबहुना जास्त, जीव वेल्डमध्ये अडकलेला असतो. कारखान्यातले वेल्ड विजेने तापवून दाबून केलेले, ते भरवशाचे. मार्गावर जागेवरच केलेला जोड ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहऑक्साइड पेटवून, वितळलेले लोखंड साच्यात ओतून करतात. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने १८९५ मध्ये पेटंट घेतलेली ही प्रक्रिया. मुठीएवढ्या या ओतकामात वाळू, हवेचा बुडबुडा, न जुळलेली कड, काहीही राहू शकते. म्हणून वेल्ड थांबून, वेगवेगळ्या प्रोबांनी, पायाच्या पंखांवर हाताने प्रोब फिरवून तपासतात. ढकलगाडी नुसती वरून गेली तर वेल्ड तपासला असे होत नाही.

गाडीतून तपासणी

हजारो किलोमीटर चालून तपासायचे तर माणसे पुरत नाहीत. यावर जुना उपाय म्हणजे तपासणी वाहन. त्यात द्रव भरलेल्या पारदर्शक टायरच्या आत प्रोब बसवतात. टायर रुळावर गडगडत जातो आणि द्रवातून ध्वनी आत शिरतो. अशी वाहने ताशी ४० ते ८० किलोमीटर वेगाने तपासतात. कुठल्या कोनातल्या प्रोबने काय पाहिले याचा मेळ संगणक घालतो. पण संशयित जागा अनेक निघतात, त्यांतल्या बऱ्याच निरुपद्रवी, आणि शेवटी हातयंत्र घेऊन माणसालाच तिथे जाऊन खात्री करावी लागते. वेग वाढवला की खोट्या इशाऱ्यांचा ढीगही वाढतो, हे विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात.

हॅटफिल्ड: सापडलेला तडा

१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्डजवळ ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणारी एक्सप्रेस वळणावर घसरली. चार जण मेले, सत्तरहून जास्त जखमी झाले. चाकांखाली रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते. हे तडे आतून आलेले नव्हते. वळणावर चाकाची कड जिथे घासते, त्या कोपऱ्यावर केसासारख्या बारीक फटींची रांग पडते आणि त्यांतल्या काही खाली वळून खोल शिरतात. वरचा ध्वनी या फटींवरच विखुरतो; खालची खोल फट त्यांच्या सावलीत लपते. यंत्र चालू, तपासनीस जागेवर, आणि तरी निष्कर्ष गोंधळाचा.

इतके असूनही हॅटफिल्डचा खरा दोष यंत्राचा नव्हता. रूळ खराब आहे हे आधी माहीत होते. बदलायचे नवे रूळ मार्गाच्या कडेला आणून टाकलेले होते, आणि ते बसवायचे राहून गेले होते. अपघातानंतर देशभर शेकडो ठिकाणी वेगमर्यादा लागल्या, ब्रिटनची रेल्वे कित्येक महिने लंगडत चालली. मार्गाची मालक असलेली रेलट्रॅक कंपनी वर्षभरात प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि २००२ मध्ये तिचे काम नेटवर्क रेलने घेतले. २००५ मध्ये देखभाल कंत्राटदार बॅल्फर बीटी आणि नेटवर्क रेल या दोघांना दंड झाला.

तंत्रज्ञानाच्या बाजूने हॅटफिल्डने दोन गोष्टी पुढे आणल्या. एक म्हणजे भोवरप्रवाहाची तपासणी. रुळाच्या कोपऱ्याजवळ वेटोळे नेऊन त्यातून उलटसुलट प्रवाह सोडला की पोलादाच्या वरच्या थरात छोटे प्रवाह घुमू लागतात, आणि फट आली की ते बदलतात. ही पद्धत पृष्ठभागापुरतीच, पण ध्वनीला नेमके तेच जमत नव्हते. दुसरी म्हणजे रूळ घासणे. फिरत्या दगडांची गाडी रुळाचा वरचा पातळ थर काढून टाकते. फटी खोल जाण्याआधीच संपतात.

रुळालाच कायमचे कान

आतापर्यंतच्या सगळ्या पद्धती ठरावीक दिवशी येऊन जातात. दोन तपासण्यांच्या मध्ये रूळ मोडला तर?

सिग्नल यंत्रणेतल्या ट्रॅक सर्किटकडून इथे जुनीच मदत मिळते. रुळांतून हलका प्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात आणि सिग्नल लाल होतो. रूळ पूर्ण तुटून फट पडली तर प्रवाह खंडित होतो आणि सिग्नल तसाच लाल होतो. अर्धवट तडा यात दिसत नाही. शिवाय आता पुष्कळ ठिकाणी ट्रॅक सर्किटऐवजी गाडीचे आस मोजणारे ॲक्सल काउंटर बसतात. पाऊस-पाण्याचा त्यांना त्रास कमी, पण तुटलेला रूळ त्यांना कळत नाही. सुधारणा करताना एक जुना पहारेकरी नकळत रजेवर जातो, याची चर्चा क्वचितच होते.

दक्षिण आफ्रिकेत सिशेन ते साल्डान्या हा ८६१ किलोमीटरचा लोहखनिजाचा मार्ग आहे. ओसाड प्रदेश, आणि ३४२ वाघिणींच्या जवळजवळ चार किलोमीटर लांब गाड्या. तिथे रुळालाच ध्वनी पाठवणारी आणि ऐकणारी यंत्रे किलोमीटर-दोन किलोमीटरवर कायमची बसवली. रूळ सलग असेल तर ध्वनी त्याच्या अंगातून पुढच्या यंत्रापर्यंत पोचतो. नाही पोचला तर इशारा. भारतातही उत्तरेकडच्या काही भागांत अशा यंत्रणेची चाचणी झाली. तीही मुख्यतः पूर्ण तुटलेला रूळ सांगते, वाढत असलेला तडा नाही. मार्गालगत टाकलेल्या ऑप्टिकल फायबरला कान बनवण्याचे प्रयोग आणि गाडीखालच्या कॅमेऱ्यांनी पृष्ठभाग वाचण्याचे काम जोरात चालू आहे. कॅमेरा सुटलेली पकड, फुटलेला स्लीपर छान ओळखतो. पोटातले त्याला दिसत नाही.

खन्ना आणि हातातला दिवा

२६ नोव्हेंबर १९९८ च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ मुंबईहून अमृतसरला निघालेल्या गोल्डन टेम्पल मेलचे डबे तुटलेल्या रुळावर घसरले. शेजारच्या मार्गावरून जम्मूकडून येणारी सियालदा एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेहून अधिक माणसे मेली. रूळ मोडणे आणि दुसरी गाडी येणे यांत अंतर मिनिटांचे होते.

म्हणून हिवाळ्यात रात्रीची पायी गस्त आजही चालते. गस्तवाल्याकडे झेंडे, दिवा आणि फटाके असतात. हे फटाके रुळावर ठेवायचे. चाक त्यांवरून गेले की ते मोठ्याने फुटतात आणि चालक ब्रेक लावतो. नियम असा, की अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. तडा दिसला तर अंधारात, गाडी येणाऱ्या दिशेने, धावत जाऊन ते ठेवायचे. आता या माणसांकडे जीपीएस यंत्रही असते. ते साहेबांना गस्त कुठवर आली ते दाखवते. पळायचे मात्र गस्तवाल्यालाच.

रेल्वे मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशात रूळ मोडण्याच्या सुमारे अडीच हजार आणि वेल्ड मोडण्याच्या सुमारे ३,७०० घटना घडल्या होत्या. २०२३-२४ मध्ये पहिला आकडा चारशेच्या आत आणि दुसरा पाचशेच्या आत आला. श्रेय एका यंत्राचे नाही. चांगले पोलाद, लांब रुळांमुळे घटलेले जोड, वारंवार तपासणी आणि वेळेवर बदललेले रूळ, असे सगळे मिळून हे घडले आहे. यांतले शेवटचे दोन होण्यासाठी मार्ग काही तास रिकामा लागतो. रविवारचा मेगाब्लॉक म्हणजे तेच तास.

आणि एक कामाची गोष्ट. रुळालगत राहणाऱ्यांना, शेतकऱ्यांना कधी रुळात फट किंवा तुटलेला तुकडा दिसला, तर जवळच्या फाटकावरच्या गेटमनला किंवा स्टेशनमास्तरला लगेच सांगावे. जवळ कोणी नसेल तर १३९ वर फोन करावा. जागा सांगताना कडेच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा सांगावा, म्हणजे शोधाशोध होत नाही.